दहा बाय बाराच्या खोलीतला समुद्र

‘डॉक्टर, घरात समुद्री माशांचा मोठा टँक ठेवला तर तब्येतीला काही त्रास होतो का?’ हा प्रश्न हल्ली अधूनमधून कानावर येतो. विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. आधी गोड्या पाण्यातले गप्पी, मॉली, मग गोल्डफिश असा प्रवास झालेला असतो. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाऊनफिश घराघरांतल्या मुलांना माहीत झाला. आता मोबाइलवर निळ्या उजेडात डुलणाऱ्या प्रवाळांचे व्हिडिओ दिसतात. मग वाटू लागते, आपल्या हॉलच्या भिंतीलाही असा एक समुद्र असावा.

माझे उत्तर सहसा त्यांना अनपेक्षित असते. मी आधी माशांविषयी विचारतच नाही. घर कितव्या मजल्यावर आहे, खोली केवढी, खिडक्या किती वेळ उघड्या असतात, त्या खोलीत रात्री कोण झोपते, घरात दम्याचे कोणी आहे का, असे विचारतो. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी हा नुसता छंद नसतो. आपण हवा, पाणी, वीज आणि जिवाणू यांचे एक छोटे यंत्र घरात बसवत असतो, आणि घर लहान असेल तर त्या यंत्रात आपणही राहत असतो.

सुरुवात एका खिडकीपाशी झाली

या छंदाचा इतिहास फार जुना नाही. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावातून काही जिवंत प्रवाळ लंडनमधल्या आपल्या घरी आणले. लंडनला समुद्र नाही. पाणी जपून वापरायचे आणि तेच पुन्हा ताजे करायचे, एवढाच मार्ग होता. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राही. पुढे बाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातले आणि काम थोडे सोपे झाले. त्यांचे प्रवाळ तब्बल तीन वर्षे जगले. घरात समुद्र टिकवण्याचा हा पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी एक मानला जातो. पुढे १८५४ मध्ये फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाने पुस्तक लिहिले, ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला आणि इंग्लंडमध्ये काचपेट्यांची लाटच आली.

त्या मोलकरणीचे काम आज पंप करतात. पण उघड्या खिडकीचे काम अजूनही उघड्या खिडकीलाच करावे लागते. ते का, हे पुढे पाहू.

आधी वजनाचा हिशेब

‘मोठी टाकी’ म्हणजे केवढी? सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी धरू. तिच्यात सुमारे ६८० लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड, लिटरला साधारण १.०२५ किलो. म्हणजे नुसत्या पाण्याचेच जवळपास ७०० किलो झाले. १२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे सव्वाशे किलो. त्यात खडक, वाळू, लोखंडी स्टँड आणि खाली ठेवलेली गाळणीची दुसरी टाकी मिळवली, तर आकडा अकराशे-बाराशे किलोंवर जातो. टनाहून जास्त वजन, आणि तेही बारा चौरस फुटांवर.

राहत्या घराची फरशी साधारण दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखलेली असते. दहा बाय बाराच्या खोलीला हा हिशेब लावला तर संपूर्ण खोलीचा धरलेला भार सव्वादोन टनांच्या आसपास येतो. त्यातला निम्मा भार आपण एका भिंतीलगत, एका पट्टीवर, रात्रंदिवस, वर्षानुवर्षे ठेवणार. स्लॅब लगेच खाली येईल असा याचा अर्थ नाही. टाकी तुळईच्या आणि खांबांच्या जवळ, भिंतीला समांतर ठेवली तर काही इमारती हे वजन पेलतातही. पण हे ठरवायचे काम दुकानदाराचे नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचे आहे. जुन्या चाळी, गळक्या स्लॅबच्या इमारती आणि बाहेर काढलेल्या बाल्कन्या यांत मोठ्या टाकीचा विचारही करू नये. काच फुटली तर ६८० लिटर खारे पाणी आधी तुमच्या विजेच्या बोर्डाकडे आणि मग खालच्या शेजाऱ्यांकडे जाईल.

इथे एक पेच आहे, तो समजून घ्या. टाकी जितकी मोठी तितके पाणी स्थिर राहते. लहान बाळाला औषधाचा एक थेंब जास्त झाला तर फरक पडतो, मोठ्या माणसाला पडत नाही, तसेच हे आहे. पन्नास लिटरच्या टाकीत एक मासा मेला तर पाणी काही तासांत बिघडू शकते. ६८० लिटरमध्ये तुम्हाला सावरायला वेळ मिळतो. म्हणजे पाण्याच्या दृष्टीने टाकी मोठी हवी आणि घराच्या दृष्टीने लहान. लहान घरातला सगळा प्रश्न या ओढाताणीत आहे.

टाकीचे यकृत आणि मूत्रपिंड

मासे कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया सोडतात. उरलेले अन्न कुजले की आणखी अमोनिया तयार होतो. आपल्या शरीरातही अमोनिया तयार होतो, पण यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. यकृत निकामी झालेला रुग्ण बरळू लागतो, बेशुद्ध होतो, त्यामागे साठलेला अमोनिया हे एक मोठे कारण असते. टाकीला यकृत नसते. तिथे हे काम जिवाणू करतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना विषारी असतात, तिसरा त्या मानाने बराच सौम्य.

हे जिवाणू खडकाच्या सच्छिद्र अंगावर आणि वाळूत वस्ती करतात, आणि वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा काळ टाकी जवळजवळ रिकामी दिसते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्याच रविवारी आठ-दहा मासे आणले जातात आणि पुढच्या रविवारपर्यंत त्यातले निम्मे तरंगू लागतात. दोष माशांचा नसतो, पाणी अजून तयार झालेले नसते.

उरलेले नायट्रेट काढायला दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे लागते. दहा टक्के म्हणजे ६८ लिटर, आणि लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने जवळपास अडीच किलो समुद्री मीठ. हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर क्षार ठराविक प्रमाणात लागतात. पाणीही नळाचे थेट चालत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि क्लोरामाइन कल्ल्यांना मारक असतात. डायलिसिस विभागात काम केलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तिथेही क्लोरामाइन पाण्यातून काढावेच लागते, नाहीतर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून दोन्हीकडे कार्बन फिल्टर आणि आरओ यंत्र असते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर पाणी सांडपाण्यात सोडते. ज्या वस्तीत दिवसाआड पाणी येते तिथे हा हिशेबही मांडायला हवा.

पाणी जाते कुठे?

टाकी रोज थोडी रिकामी होते. उघड्या तोंडाच्या मोठ्या टाकीतून दिवसाला चार-पाच लिटर पाणी सहज उडून जाते. मीठ मात्र मागे राहते, म्हणून भरपाई नेहमी गोड्या शुद्ध पाण्याने करायची. जुलाब झालेल्या रुग्णाच्या रक्तातले क्षार आम्ही जसे सांभाळतो, तसाच हा प्रकार.

पण ते पाच लिटर गेले कुठे? तुमच्या खोलीच्या हवेत. दहा बाय बाराच्या, नऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३० घनमीटर हवा असते. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प धरून ठेवते. म्हणजे पूर्ण कोरडी हवा पूर्ण दमट झाली, तरी त्या खोलीत एक लिटरही पाणी मावत नाही. आपण रोज पाच लिटर सोडतो. उरलेले एकतर खिडकीतून बाहेर जायला हवे, नाहीतर ते भिंतीवर, कपाटामागे, गादीत मुरणार. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर बाहेरची हवाच इतकी दमट असते की पाणी बाहेर जायलाही जागा नसते.

ओल आली की बुरशी येते आणि गादी-उशांतले धुळीचे सूक्ष्म किडे वाढतात. दम्याचा आणि अ‍ॅलर्जिक सर्दीचा त्रास वाढवणारी ही दोन नेहमीची कारणे. घरातल्या मुलाची रात्रीची ढास टाकी आल्यानंतर वाढली असेल, तर आधी कपाटामागची भिंत पाहा. पंधराशे रुपयांच्या आत मिळणारा आर्द्रतामापक भिंतीला लावा. आकडा सतत साठ-पासष्टच्या वर राहत असेल, तर एक्झॉस्ट पंखा, टाकीवर झाकण किंवा डीह्युमिडिफायर यांपैकी काहीतरी करणे भाग आहे.

टाकी सांगते घरातल्या हवेचा हाल

आता उघड्या खिडकीकडे वळू. समुद्राच्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण ८.१ ते ८.३ असतो. अनेक छांदिष्टांचा अनुभव असा, की सगळी औषधे आणि क्षार बरोबर घालूनही टाकीचा सामू ७.८ च्या वर जात नाही. कारण पाण्यात नसते, खोलीत असते. घरात पाच माणसे, दारे-खिडक्या बंद, एसी चालू. प्रत्येक श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, हवेत साठतो, पाण्यात विरघळतो आणि त्याचे कार्बोनिक आम्ल बनते. बाहेरच्या हवेत या वायूचे प्रमाण आज दहा लाख भागांत सुमारे ४२० आहे. बंद शयनगृहात ते हजाराच्या पुढे सहज जाते. खिडकी उघडली की काही तासांत टाकीचा सामू वर चढतो.

आपल्या रक्तातही नेमके हेच रसायन चालते. श्वास मंद झाला, कार्बन डायऑक्साइड साठला की रक्त आम्लाकडे झुकते. म्हणून अतिदक्षता विभागात आम्ही धमनीतले रक्त पुन्हा पुन्हा तपासतो. टाकीतले पाणी एका अर्थाने तुमच्या खोलीचे तेच रक्त आहे.

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला यात माशांपेक्षा जास्त महत्त्वाचे काही दिसते. खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड म्हणजे दुसऱ्याने सोडलेली हवा आपण किती घेत आहोत, याचे माप. फ्लू, गोवर, कोविड, आणि आपल्याकडचा सर्वांत जुना पाहुणा क्षयरोग, हे सगळे त्याच हवेतून जातात. प्रवाळांसाठी खिडकी उघडणारे घर नकळत आपल्या आजीसाठी आणि नातवासाठीही ती उघडत असते. टाकी नसली तरी ही खिडकी उघडा.

वीज, उजेड आणि उकाडा

लिटरभर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. २६ अंशांच्या लिटरभर समुद्री पाण्यात जेमतेम सात मिलिग्रॅमसुद्धा नसतो. म्हणजे मासे आपल्यापेक्षा चाळीसपट विरळ ऑक्सिजनवर जगतात. पंप बंद पडला की भरलेल्या टाकीला काही तासांचीच सवड असते. लोडशेडिंगच्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप नसेल तर टाकीच्या फंदात पडू नये.

प्रवाळांना २५ ते २७ अंश तापमान मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतले पाणी ३१-३२ पर्यंत जाते. मग चिलर लागतो. तो पाणी थंड करतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. दिवे, पंप, चिलर मिळून दिवसाला आठ-दहा युनिट वीज जाणे अगदी शक्य आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक असते आणि त्याचे शिंतोडे सुकून प्लगवर मिठाचा थर बसतो. म्हणून चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी या दोन गोष्टी टाकीआधी बसवाव्यात. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली एक झोळ ठेवावा, म्हणजे ओघळलेला थेंब सॉकेटमध्ये न जाता खाली पडतो. हात पाण्यात घालण्याआधी स्विच बंद करावेत.

उजेडाबद्दल एक सूचना. प्रवाळांचे दिवे निळसर आणि प्रखर असतात. निळा उजेड मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असे सांगतो. एकाच खोलीत टाकी आणि अंथरूण असेल, तर दिव्यांना टायमर लावून झोपायच्या निदान दोन तास आधी ते विझतील असे करा.

गोंडस गुंड्यांमधले विष

आता खऱ्या धोक्याकडे येऊ. झोअँथिड नावाचे गुंडीसारखे दिसणारे जीव या छंदात फार लोकप्रिय आहेत. ते रंगीत, चिवट आणि भराभर पसरणारे असतात. त्यातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन असते. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी हे एक. १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या अशाच जीवांपासून ते वेगळे करण्यात आले. त्याच्या एका रेणूत कार्बनचेच १२९ अणू असतात.

आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत घ्यायचे, हे काम तो अखंड करतो. हृदयाचे जुने औषध डिगॉक्सिन याच पंपावर काम करते. पॅलिटॉक्सिन या पंपाला चिकटते आणि त्याचे सताड उघडे दार करून टाकते. सोडियम आत धावतो, पोटॅशियम बाहेर पळतो. स्नायू, रक्तवाहिन्या, हृदय सगळ्यांचा ताल बिघडतो.

मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशरमधल्या स्टीव्हंटन गावी एका घरात टाकी साफ करताना प्रवाळ बाहेर काढून घासले गेले. घरातले सहा जण खोकला, ताप आणि श्वास लागणे अशा लक्षणांनी आजारी पडले. मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या चौघांनाही रुग्णालयात न्यावे लागले. अमेरिकेत अलास्कामध्ये २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत अशाच घटना नोंदल्या गेल्या. बहुतेकांना आधी फ्लू झाला असेच वाटले होते. तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव येणे ही मात्र एक खूण होती.

धोका केव्हा वाढतो? खडक ब्रशने घासताना, त्यावर उकळते पाणी ओतताना, मायक्रोवेव्हमध्ये टाकताना. वाफेबरोबर आणि बारीक तुषारांबरोबर विष हवेत उडते. साध्या उकळण्याने ते नष्ट होत नाही. लहान घरात ही हवा क्षणात सगळ्यांपर्यंत पोचते. म्हणून असे खडक पाण्याबाहेर कधीही घासू नयेत. हातमोजे आणि चष्मा घालावा. हाताला जखम असेल तर हात घालूच नये. साफसफाईनंतर तासा-दोन तासांत खोकला, धाप, थंडी, तोंडात विचित्र चव, हातापायांत मुंग्या यांपैकी काही झाले, तर सगळ्यांनी आधी घराबाहेर मोकळ्या हवेत यावे आणि थेट रुग्णालय गाठावे. डोळ्यात तुषार गेले तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे डोळा धुवावा. या विषावर उतारा नाही. ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधे आणि हृदयावर लक्ष ठेवणे, हेच उपचार. पण हे करायला डॉक्टरला कारण कळले पाहिजे. ‘आम्ही आज टाकी साफ केली’ हे एक वाक्य शंभर तपासण्यांपेक्षा मोलाचे ठरते.

न भरणारी जखम

दुसरा आजार इतका भयंकर नाही, पण आपल्याकडे तो ओळखण्यात हमखास गोंधळ होतो. बोटाला किंवा मनगटाला खडकाचा ओरखडा जातो. दोन-चार आठवड्यांनी तिथे जांभळट गाठ येते. दुखत फारसे नाही, पण भरतही नाही. मग हातावरून वर एका रेषेत आणखी गाठी उठतात. साधी प्रतिजैविके देऊन होतात, मलमे लावून होतात, उपयोग शून्य.

हा मायकोबॅक्टेरियम मरायनम. क्षयाच्या जंतूचा चुलत भाऊ. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो प्रथम सापडला. त्याला ३० ते ३३ अंश तापमान आवडते, म्हणून तो शरीराच्या गाभ्यात न जाता हातापायांच्या थंड त्वचेत राहतो. आपल्याकडे गोंधळ असा होतो, की गाठीच्या तुकड्यात क्षयासारखेच जंतू दिसतात, मँटू चाचणीही फुगू शकते, आणि रुग्णाला त्वचेच्या क्षयाचे नेहमीचे औषध सुरू होते. त्यातल्या आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड या दोन महत्त्वाच्या औषधांना हा जंतू दाद देत नाही. त्याला क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्बुटॉल, रिफाम्पिसिन यांतली औषधे काही महिने द्यावी लागतात. शिवाय प्रयोगशाळेने जंतू नेहमीच्या ३७ अंशांनाच वाढवायला ठेवला, तर तो नीट वाढतही नाही. ३० अंशांना ठेवा असे मुद्दाम सांगावे लागते.

म्हणून न भरणाऱ्या जखमेसाठी डॉक्टरकडे गेलात, तर त्यांनी विचारायची वाट न पाहता ‘माझ्याकडे माशांची टाकी आहे’ हे सांगा. टाकीत हात घालताना कोपरापर्यंत येणारे हातमोजे वापरा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढायची सवय सोडा. टाकीच्या बादल्या, ब्रश, नळ्या वेगळ्या ठेवा आणि त्या स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. मधुमेह, यकृताचे आजार, अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे यांनी टाकीची सफाई दुसऱ्याकडे सोपवावी. विषारी काट्यांचा लायनफिश लहान मुलांच्या घरात आणूच नये.

प्रवाळ कुणाचे?

हे सगळे जमवले तरी एक दार उरते, कायद्याचे. प्रवाळभित्ती उभारणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी-फॅन आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत संरक्षण मिळाले आहे. ते समुद्रातून काढणे, विकणे, जवळ बाळगणे हा तीन ते सात वर्षे तुरुंगवासाचा गुन्हा ठरू शकतो. दुकानदार ‘सगळे असेच विकतात’ म्हणाला, तरी खटल्यात ते उत्तर चालत नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारी टाकी इथे जशीच्या तशी करता येत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम खडक, दोन क्लाऊनफिश, थोडे शेवाळ आणि भरपूर संयम यांतही सुंदर टाकी होते. कुठलाही समुद्री जीव घेताना पावती घ्या आणि तो कुठून आला ते विचारा.

खरे प्रवाळ पाहायचे तर ते आपल्या दारात आहेत. मालवणच्या समुद्राला १९८७ मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. या प्रवाळांनाही ताप येतो. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जरी काही आठवडे जास्त तापले, तरी प्रवाळ आपल्या अंगातले शेवाळ टाकून देतात आणि पांढरे पडतात. एप्रिल २०२४ मध्ये अशा जागतिक विरंजनाची चौथी लाट जाहीर झाली. घरातल्या टाकीत एका अंशासाठी धडपडणाऱ्याला हे दुःख इतरांपेक्षा चटकन कळते.

मग ठेवावी की नाही?

ठेवावी, जमत असेल तर. पोहणारे मासे पाहत बसल्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब थोडे उतरतात, असे इंग्लंडमधल्या प्लीमथ इथल्या मत्स्यालयात केलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहात टाक्या उगीच नसतात. मुलांना टाकीतून रसायन, जीवशास्त्र आणि वाट पाहणे तिन्ही शिकता येते. रक्तदाबाच्या गोळीची जागा मात्र ती घेत नाही.

लहान घरासाठी माझा सल्ला तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीचा. १९० लिटर पाणी, सगळे मिळून तीनशे-सव्वातीनशे किलो. पाणी सावरायला वेळ देण्याइतकी ती मोठी आहे आणि घराला झेपण्याइतकी लहान. तीही तळमजल्यावर किंवा भक्कम तुळईजवळच ठेवावी. झोपायच्या खोलीत नको. घरात दम्याचा रुग्ण असेल तर आधी महिनाभर आर्द्रतामापक लावून आकडे लिहून काढा आणि मग ठरवा. झोअँथिड नकोतच. साफसफाईची जबाबदारी कुणा एकाची, हेही आधी ठरवा. नाहीतर छंद एकाचा आणि बादल्या उचलणे दुसऱ्याचे, असे होते. अ‍ॅना थिनबाईंच्या मोलकरणीचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण रोजचे पाणी तिनेच ओतले होते. आपल्या घरात ते काम बहुधा आईकडे किंवा बायकोकडे जाते, आणि कंबरदुखीसाठी ओपीडीत येते तीही तीच. भरलेली वीस लिटरची बादली वीस किलोंहून जड असते. टाकी घेण्याआधी घरातल्या त्या व्यक्तीला एकदा विचारा. ती ‘नको’ म्हणाली, तर रविवारी सगळे मिळून मालवणला जा.